डस्की साउंडमध्ये सात रात्री : वाऱ्याची वाट पाहणारा किनारा

नांगर

गेल्या मे महिन्यात मी न्यूझीलंडच्या डस्की साउंडमध्ये एका लहान जहाजावर सात रात्री काढल्या. मिलफर्ड साउंडला जाऊन आलेले अनेकजण या मंचावर आहेत आणि त्यांची वर्णनेही मी आवडीने वाचली आहेत. परंतु डस्कीविषयी मराठीत काही वाचल्याचे मला आठवत नाही, म्हणून हा धागा काढत आहे. प्रवासाची माहिती देईनच, पण मला खरे तर त्या जागेत शिल्लक असलेल्या इतिहासाबद्दल लिहायचे आहे, कारण तो तिथे जवळजवळ हाताला लागतो.

आधी जागेविषयी. दक्षिण बेटाच्या नैर्ऋत्य कोपऱ्यात फियॉर्डलंड राष्ट्रीय उद्यान आहे. १९५२ साली स्थापन झालेल्या या उद्यानाचे क्षेत्र बारा हजार चौरस किलोमीटरहून अधिक आहे आणि १९८६ पासून ते जागतिक वारशाचा भाग आहे. हिमयुगात हिमनद्यांनी इथला खडक कोरून उभ्या भिंतींच्या खोल दऱ्या केल्या, बर्फ ओसरल्यावर त्यांत समुद्र शिरला आणि फियॉर्ड तयार झाले. नावात ‘साउंड’ असले, तरी नदीची दरी बुडून झालेल्या साउंडपेक्षा हा प्रकार वेगळा आहे. मी कोकणात वाढलो. खाडी म्हटले की गाळ, तिवरे आणि ओहोटीला उघडी पडणारी जमीन एवढेच माझ्या डोळ्यांसमोर येते. इथे मुखाशी पाणी तुलनेने उथळ आणि आत गेल्यावर खोल. डाउटफुल साउंडची खोली चारशे मीटरांहून जास्त आहे. कडा जितका वर दिसतो तितकाच सरळ तो पाण्याखालीही उतरलेला असतो, त्यामुळे जहाजाला नांगर टाकायला तळ सापडत नाही आणि रात्री मुक्कामासाठी विशिष्ट कोपरेच शोधावे लागतात.

ही नांगराची अडचण लक्षात ठेवा, कारण पुढचा सगळा इतिहास तिच्यावर आणि वाऱ्यावर उभा आहे.

मार्च १७७० मध्ये इंग्रज दर्यावर्दी जेम्स कुक ‘एंडेव्हर’ जहाज घेऊन या किनाऱ्यावरून जात असताना संध्याकाळ झाली होती. आत वळायला उजेड पुरेना, म्हणून त्या मुखाला त्याने डस्की, म्हणजे सांजवेळेचा उपसागर, असे नाव दिले आणि तो पुढे गेला. त्यानंतर थोड्याच अंतरावर दुसरे मुख दिसले. वनस्पतिशास्त्रज्ञ जोसेफ बँक्सला तिथे उतरायचे होते, परंतु कुकने नकार दिला. कडे इतके उभे आहेत की वारा एकतर सरळ आत वाहील किंवा सरळ बाहेर, आणि बाहेर काढणारा पूर्वेचा वारा या किनाऱ्यावर महिन्यातून एखादाच दिवस मिळतो, हे त्याने ओळखले होते. शिडाचे जहाज आत नेणे सोपे होते, बाहेर काढण्याची खात्री नव्हती. म्हणून ते ‘डाउटफुल’, संशयास्पद बंदर.

तीन वर्षांनी तो परतला. ‘रेझोल्यूशन’ जहाज केप ऑफ गुड होपहून निघून अंटार्क्टिकाच्या बर्फाच्या कडेकडेने ११७ दिवस चालले होते आणि या काळात जमिनीचे एकदाही दर्शन झाले नव्हते. २६ मार्च १७७३ रोजी ते डस्कीत शिरले. लेफ्टनंट रिचर्ड पिकर्सगिलने शोधलेल्या एका अरुंद कोपऱ्यात जहाज किनाऱ्याला इतके चिकटवून बांधता आले की एक आडवे वाढलेले झाड थेट जहाजाच्या कठड्यापर्यंत पोहोचत होते आणि खलाशी त्यावरून जमिनीवर ये-जा करत. डोलकाठ्यांचे आडवे वासे झाडांच्या फांद्यांत अडकत होते. मागे शंभर यार्डांवर गोड्या पाण्याचा ओहोळ होता. हेच पिकर्सगिल हार्बर.

तिसऱ्या दिवशी सकाळी आम्ही तिथे पोहोचलो. पाऊस बारीक होता. होडीतून उतरून शेवाळाने मऊ झालेल्या वाटेने पाच मिनिटे चालल्यावर अ‍ॅस्ट्रॉनॉमर्स पॉइंट येतो. आकाश दिसावे म्हणून विल्यम वेल्स या खगोलशास्त्रज्ञासाठी इथले सुमारे एक एकर जंगल तोडले गेले. त्या वेळी तोडलेल्या झाडांचे काही बुंधे आजही तिथे आहेत, नेच्यांनी आणि शेवाळाने झाकलेले. वाटाड्याने हात लावू नका असे सांगितले आणि कोणी लावलाही नाही. शेवाळाखाली कुऱ्हाडीची बाजू ओळखू येते, असे मला वाटले. कदाचित ते माझे मन असेल. परंतु अडीचशे वर्षांपूर्वी कापलेले लाकूड अजून जमिनीत मुळांसह उभे आहे, एवढे निश्चित.

वेल्सने इथे घेतलेल्या निरीक्षणांमुळे हा निर्मनुष्य कोपरा त्या काळी पृथ्वीवरील सर्वांत अचूकपणे स्थान ठरवलेल्या जागांपैकी एक झाला. जहाजावर लार्कम केंडलने बनवलेले घड्याळ होते. ते हॅरिसनच्या प्रसिद्ध सागरी घड्याळाची प्रतिकृती होते आणि समुद्रात रेखांश काढायला ते कितपत भरवशाचे आहे, याची परीक्षा याच सफरीत चालली होती. ताऱ्यांवरून काढलेला रेखांश आणि घड्याळावरून काढलेला रेखांश पडताळून पाहण्यासाठी स्थिर जमीन हवी होती. ती इथे मिळाली.

प्रवासाची व्यवस्था आणि खर्च यांविषयी विचारल्यास सविस्तर सांगेन.

चैत्रपालवी

फार सुंदर लिहिले आहे. आम्ही दोन वर्षांपूर्वी मिलफर्डला दोन तासांची फेरी केली होती. धबधबे पाहिले, छायाचित्रे काढली आणि बसने परत आलो. आता आई-बाबांना घेऊन पुन्हा जायचे आहे. दोघेही सत्तरीच्या पुढचे आहेत, तब्येत ठीक आहे, पण बाबांना बोट लागते. सात रात्री खरोखर आवश्यक आहेत का? डाउटफुलला एका रात्रीची सफर असते असे ऐकले आहे. तेवढ्याने भागेल का?

नांगर

चैत्रपालवी, तुमच्या आई-बाबांसाठी डाउटफुलची एक रात्र योग्य ठरेल, असे मी मोकळेपणाने सांगतो. तिथे जायला मानापौरी गावातून मानापौरी सरोवर बोटीने ओलांडायचे, पलीकडे बसने विल्मट खिंड चढून डीप कोव्हला उतरायचे आणि तिथे जहाजात बसायचे. मुक्काम फियॉर्डच्या आत असतो, त्यामुळे पाणी बहुतेक वेळा शांत राहते. मोकळ्या समुद्राच्या तोंडापर्यंत जहाज गेले तरच थोडा हेलकावा जाणवतो.

डस्कीचे तसे नाही. तिथे रस्ताच नाही. डीप कोव्हहून जहाजाने निघायचे तर टास्मान समुद्रात बाहेर पडून किनाऱ्याने दक्षिणेकडे कित्येक तास जावे लागते आणि हा पट्टा चाळीस अंशांच्या पुढच्या त्या अखंड पश्चिमी वाऱ्यांचा आहे. माझी पहिली दुपार पूर्णपणे बिछान्यात गेली. मी लहानपणापासून मचव्यात बसलो आहे, तरी मला बोट लागली. डॉक्टरांनी दिलेली गोळी मी निघण्यापूर्वी घ्यायला हवी होती. मी ती समुद्र खवळल्यावर घेतली आणि तिचा उपयोग झाला नाही. दुसरा मार्ग हेलिकॉप्टरचा. अनेक सफरींमध्ये एका बाजूचा प्रवास जहाजाने आणि दुसऱ्या बाजूचा हेलिकॉप्टरने असतो.

त्याविषयी एक अनुभव सांगतो. आमचे परतीचे उड्डाण ढग खाली आल्यामुळे एक पूर्ण दिवस रखडले. हवामानाला कोणाचा इलाज नाही, पण आयोजकांनी आदल्या रात्रीच तशी शक्यता सांगायला हवी होती, ती सांगितली नाही, आणि माझे क्वीन्सटाउनहून पुढचे विमान चुकले. त्यामुळे सफरीनंतर किमान दोन मोकळे दिवस ठेवा. जहाजावर डॉक्टर नसतो, मोबाइलला संपर्क नसतो आणि आजारी माणसाला बाहेर काढायचे तर हेलिकॉप्टरच लागते, जे वर सांगितल्याप्रमाणे आकाशावर अवलंबून असते. सत्तरीतल्या व्यक्तींसाठी याचा विचार गांभीर्याने करावा.

सात रात्री आवश्यक आहेत का, याचे माझे उत्तर असे : डस्कीसाठी होय. १७७३ मध्ये ‘रेझोल्यूशन’ २९ एप्रिलला पिकर्सगिल हार्बरमधून सुटले आणि ११ मे रोजी मोकळ्या समुद्रात पोहोचले. आत शिरलेल्या मुखाने ते परत जाऊ शकले नाही. आज अ‍ॅकेरॉन पॅसेज म्हणतात त्या उत्तरेकडच्या वाटेने, कधी वारा पडल्याने थांबत, कधी होड्यांनी ओढत, ते बाहेर आले. जवळजवळ दोन आठवडे. म्हणजे १७७० मधला कुकचा संशय खरा ठरला. हे वाक्य पुस्तकात वाचून कळते, पण त्याच जागी तिसऱ्या दिवशीही ढग न हलल्यावर, चौथ्या दिवशी ठरवलेला कोपरा वाऱ्यामुळे सोडून भलत्याच ठिकाणी रात्र काढल्यावर ते अंगात उतरते.

बखरनवीस

नांगर यांच्या लेखनात मला एक भर घालावीशी वाटते आणि एक दुरुस्तीही सुचवावीशी वाटते.

दुरुस्ती ‘निर्मनुष्य’ या शब्दाची आहे. इथल्या मूळ रहिवाशांनी, म्हणजे माओरींनी, दिलेले डस्कीचे नाव तमातेआ, डाउटफुलचे पातेआ आणि मिलफर्डचे पियोपियोताही. तू-ते-राकी-फानोआ या देवसमान पूर्वजाने आपल्या वाकसाने दक्षिणेकडून उत्तरेकडे हे फियॉर्ड कोरले, हात सरावत गेला तसे काम सुबक होत गेले आणि मिलफर्ड सर्वांत देखणे झाले, अशी माओरी परंपरा सांगते. नकाशा पाहिला तर दक्षिणेकडचे फियॉर्ड खरोखर फाटे फुटलेले, बेटांनी भरलेले आणि मिलफर्ड एकसंध सरळ आहे, म्हणजे ही कथा किनाऱ्याच्या बारीक निरीक्षणातून आलेली आहे. लोक इथे पक्ष्यांसाठी, सीलसाठी आणि हिरव्या पाषाणासाठी येत असत.

कुकच्या मुक्कामात एका माओरी कुटुंबाशी भेट झाली, ती हकिगत मी पुनःपुन्हा वाचली आहे. एप्रिल १७७३ मध्ये एका बेटाच्या खडकावर हातात शस्त्र घेतलेला एक पुरुष आणि त्याच्या मागे दोन स्त्रिया उभ्या होत्या. कुकने होडीतून हातरुमाल फेकले, ते त्याने उचलले नाहीत. मग कुक हातात कोऱ्या कागदाचे ताव घेऊन, निःशस्त्र, खडकावर उतरला आणि ते कागद त्याच्यापुढे धरले. तो माणूस थरथरत होता. त्याने कागद घेतले आणि दोघांनी नाकाला नाक लावून अभिवादन केले. पुढे ते कुटुंब काही दिवस जहाजाच्या आसपास राहिले आणि मग निघून गेले. त्या माणसाला त्या जागेचा प्रत्येक कोपरा माहीत होता, हे आपण ‘शोध’ हा शब्द वापरताना विसरू नये.

भर अशी. डस्कीचा मुंबईशी एक खरा संबंध आहे. १७९५ च्या मे महिन्याच्या शेवटी ‘एंडेव्हर’ नावाचे सुमारे आठशे टनांचे जहाज मुंबईहून गुरे आणि तांदूळ घेऊन सिडनीला पोहोचले. कुकच्या जहाजाशी याचा नावापलीकडे काही संबंध नाही. कप्तान होता विल्यम राइट बॅम्प्टन. सिडनीहून निघाल्यावर ते डस्कीत आले, तोपर्यंत त्याला इतकी गळती लागली होती की पुढे नेणे अशक्य झाले आणि फॅसिल हार्बरमध्ये ते सोडून द्यावे लागले. युरोपियनांच्या नोंदींत आलेली न्यूझीलंडमधली ही पहिली जहाजफूट. या जहाजावर आणि सोबतच्या ‘फॅन्सी’वर मिळून २४४ माणसे होती. त्यांत सिडनीहून लपून चढलेले कैदीही होते. एवढी माणसे त्या पावसात अडकली.

त्यातून सुटका कशी झाली, हे अधिक विलक्षण आहे. १७९२ मध्ये ‘ब्रिटानिया’ जहाजाने सीलच्या कातड्यांसाठी बारा माणसे अँकर बेटावरच्या लंचन कोव्हमध्ये उतरवली होती. आपल्याला न्यायला कोणी आलेच नाही तर काय, या भीतीने त्यांनी स्वतःच एक जहाज बांधायला घेतले. चाळीस फूट लांब आणि अठरा फूट रुंद घरही बांधले. युरोपियनांनी न्यूझीलंडमध्ये बांधलेले ते पहिले घर आणि पहिले जहाज. दहा-अकरा महिन्यांनी ‘ब्रिटानिया’ त्यांना न्यायला आली आणि ते अर्धवट जहाज तिथेच राहिले. दोन वर्षांनी बॅम्प्टनच्या लोकांनी ते पुरे केले, ‘प्रॉव्हिडन्स’ असे नाव दिले आणि त्यातून काहीजण बाहेर पडले. उरलेल्यांपैकी शेवटचे लोक १७९७ मध्ये एका अमेरिकन जहाजाने नेले.

मुंबईच्या गोदीतून निघालेल्या गुरांच्या जहाजाचा शेवट पंचेचाळीस अंश दक्षिणेला, नेच्यांच्या काठाशी झाला, याबद्दल आपल्याकडे कुठेच बोलले जात नाही, याची मला खंत वाटते.

नांगर

बखरनवीस, ‘निर्मनुष्य’ हा शब्द चुकीचाच होता. दुरुस्तीबद्दल मनापासून आभार. कुक आणि त्या कुटुंबाची भेट झाली ते बेट आम्ही होडीतून पाहिले. लंचन कोव्हमध्येही गेलो. जेवायला शेवंडे मिळाली म्हणून कुकने दिलेले हे नाव. पाणी इतके शांत होते की सीलची पिल्ले खडकावरून घसरल्याचा आवाज जहाजावर ऐकू येत होता. ज्यांच्या पूर्वजांना त्या बारा जणांनी मारून साडेचार हजार कातडी जमवली, तेच प्राणी आज त्याच खडकावर आहेत. घराच्या जागी आता डोळ्यांना सहज दिसेल असे काही नाही, जंगल आहे. तरीही आमच्यापैकी कोणी बराच वेळ बोलले नाही. फॅसिल हार्बरमध्ये आम्ही थांबलो तेव्हा ते जहाज मुंबईहून आले होते हे मला माहीत नव्हते. माहीत असते तर मी तिथे आणखी वेळ मागितला असता.

तळसमुद्र

मी सागरी जीवशास्त्राचा अभ्यासक आहे आणि फियॉर्डलंडमध्ये दोनदा जाऊन आलो आहे, म्हणून पाण्याखालच्या बाजूविषयी लिहितो.

तिथे वर्षाला सात-सात मीटर पाऊस पडतो. हे सगळे पाणी जंगलातल्या कुजलेल्या पानांमधून झिरपत टॅनिन घेऊन उतरते आणि कोऱ्या चहाच्या रंगाचे होते. गोडे पाणी हलके, खारे पाणी जड; त्यामुळे फियॉर्डमध्ये काही मीटर जाडीचा काळपट गोड्या पाण्याचा थर समुद्राच्या पाण्यावर तरंगत राहतो. तो सूर्यप्रकाश अडवतो. खाली इतका अंधार असतो की एरवी खूप खोलात राहणारे जीव इथे दहा-पंधरा मीटरांवर भेटतात. काळे प्रवाळ हे त्याचे प्रसिद्ध उदाहरण. जिवंतपणी ते पांढरे दिसते. काळा असतो तो आतला सांगाडा. पाणबुड्याला वरचा तपकिरी थर ओलांडताच स्वच्छ, थंड, गडद हिरवे पाणी लागते, तो क्षण मी विसरू शकत नाही.

कड्यांवर माती जवळजवळ नाहीच. झाडे एकमेकांच्या मुळांना आणि शेवाळाला धरून उभी असतात. मुसळधार पावसात एक सुटले की खालची सगळी घेऊन पाण्यात कोसळते आणि कड्यावर उघड्या खडकाचा लांब पट्टा उरतो. त्यावर आधी शेवाळ, मग नेचे, मग झुडपे, मग पुन्हा बीच वृक्ष. जहाजावरून पाहताना कोणता पट्टा जुना आणि कोणता अलीकडचा, हे रंगावरून ओळखता येते. कुकच्या वेळच्या बुंध्यांना हेच जंगल झाकत आहे.

नांगर यांनी रिचर्ड हेन्रीचा उल्लेख केला नाही, तो व्हायला हवा. १८९१ मध्ये सरकारने रेझोल्यूशन बेट राखीव केले आणि १८९४ मध्ये हेन्रीला रक्षक नेमले. मुख्य भूमीवर ससे मारण्यासाठी आणून सोडलेले स्टोट, म्हणजे मुंगसाच्या चणीचे चपळ शिकारी प्राणी, न उडणाऱ्या पक्ष्यांचा फडशा पाडत होते. हेन्री पिजन बेटावर झोपडी बांधून राहिला. तोंडाला जाळी बांधलेल्या कुत्र्याच्या मदतीने तो काकापो (न उडणारे पोपट) आणि किवी शोधत असे, पिंजऱ्यांत घालत असे आणि होडी वल्हवत बेटांवर नेऊन सोडत असे. असे सातशेहून अधिक पक्षी त्याने हलवले. १९०० च्या सुमारास रेझोल्यूशन बेटावर स्टोट दिसला. तो पोहत आला होता. हेन्री १९०८ पर्यंत तिथे राहिला, पण ते काम त्याच्या डोळ्यांसमोर वाया गेले.

मात्र ते पूर्णपणे वाया गेले असे मी मानत नाही. १९८८ मध्ये जवळच्या ब्रेकसी बेटावरून सगळे उंदीर नाहीसे करण्यात आले, तेव्हा एवढ्या मोठ्या बेटावर ते शक्य आहे यावर फार थोड्यांचा विश्वास होता. पुढे अँकर बेट शिकारी प्राण्यांपासून मुक्त झाले आणि २००५ पासून तिथे काकापो सोडले गेले. आज जगात काकापो अडीचशेच्या आतबाहेर आहेत आणि त्यांतले काही त्याच लंचन कोव्हच्या मागच्या जंगलात आहेत. हेन्रीची कल्पना बरोबर होती, बेट चुकले होते.

सह्यभ्रमर

सर्वांचे लेखन वाचले. माझा आक्षेप थोडा अप्रिय वाटेल, पण तो मांडतो. जी जागा माणूस पोहोचू शकला नाही म्हणून टिकली, तिथे डिझेलचे जहाज आणि हेलिकॉप्टर घेऊन जाणे कितपत योग्य आहे? बुंधे टिकले कारण तिथे कोणी जात नव्हते. आपण जाऊन, धागा काढून, आणखी दहाजणांना पाठवतो. सह्याद्रीतल्या किल्ल्यांचे काय झाले ते आपण पाहतो आहोत.

नांगर

सह्यभ्रमर, हा प्रश्न मी स्वतःलाही विचारला होता आणि त्याचे पूर्ण समाधान करणारे उत्तर माझ्याजवळ नाही.

जे पाहिले ते सांगतो. जहाजे तिथे संवर्धन खात्याच्या परवान्यानेच व्यवसाय करतात. काही बेटांवर उतरायला मनाई आहे. जिथे उतरता येते तिथे आधी बूट घासून धुतले जातात, खिसे आणि पिशव्यांच्या शिवणी झटकून बिया काढल्या जातात, आणि उंदीर चढू नये म्हणून जहाजाची तपासणी होते. जहाजाच्या तळाला परक्या समुद्री वनस्पती चिकटलेल्या नाहीत, याचाही वेगळा दाखला लागतो. जहाजावर आम्ही सोळा प्रवासी होतो. पिकर्सगिलमध्ये वाट सोडून कोणी पाऊल टाकले नाही.

हेलिकॉप्टरविषयी मात्र तुमचे म्हणणे मी मान्य करतो. आठ दिवसांच्या शांततेनंतर तो आवाज मला स्वतःला सहन झाला नाही. पुन्हा गेलो तर दोन्ही बाजूंचा प्रवास समुद्रातून करीन, बोट लागली तरी.

दक्षिणवारा

मी गेली अकरा वर्षे साउथलंडमध्ये राहते, त्यामुळे डाउटफुलविषयी थोडे.

सह्यभ्रमर यांच्या प्रश्नाला जोडूनच सांगते की विल्मट खिंडीचा रस्ता पर्यटकांसाठी झालेला नाही. सरोवराच्या पश्चिम टोकाला डोंगराच्या पोटात वीजकेंद्र आहे आणि त्याची यंत्रसामग्री समुद्रमार्गे डीप कोव्हला उतरवून वर न्यायची होती, म्हणून १९६० च्या दशकात तो रस्ता झाला. तो आजही देशातल्या दुसऱ्या कोणत्याही रस्त्याला जोडलेला नाही. वीज वाढवण्यासाठी मानापौरी सरोवराची पातळी उंचावण्याचा बेत होता. त्याविरुद्ध १९७० मध्ये सुमारे २,६५,००० सह्यांचा अर्ज संसदेकडे गेला. लहानशा देशात ही संख्या केवढी मोठी होती! पातळी वाढली नाही. आज बोटीतून दिसणारे सरोवराचे काठ त्या सह्यांमुळे कोरडे आहेत. वीजकेंद्रातून सुटलेले गोडे पाणी मात्र बोगद्यातून डीप कोव्हला येते, आणि तळसमुद्र यांनी सांगितलेला गोडा थर तिथे त्यामुळे अधिक जाड असतो.

डाउटफुलच्या नकाशावर स्पॅनिश नावे आहेत, त्याचे कारणही मनोवेधक आहे. फेब्रुवारी १७९३ मध्ये स्पेनच्या मोहिमेचा प्रमुख अलेस्सांद्रो मालास्पिना याची ‘देस्कुबिएर्ता’ आणि ‘अत्रेविदा’ ही दोन जहाजे इथे आली. पृथ्वीचा आकार समजण्यासाठी लंबकाचे प्रयोग वेगवेगळ्या अक्षांशांवर करायचे होते आणि त्यासाठी त्यांना ही जागा हवी होती. जहाजे बाहेरच थांबली. फेलिपे बाउसा हा नकाशाकार होडीने आत गेला, मुखाची मापे घेतली आणि परत आला. लंबक काही उतरला नाही. बाउसा बेट, मालास्पिना रीच, पेंदुलो रीच ही नावे तेवढी राहिली. मालास्पिना स्पेनला परतल्यावर राजकीय कारणांनी तुरुंगात पडला आणि त्याच्या सफरीचे वृत्त कितीतरी वर्षे दडपलेले राहिले.

चैत्रपालवी, एका रात्रीची सफर निवडाल तर जहाज हॉल आर्ममध्ये शिरल्यावर यंत्रे बंद केली जातात, तेव्हा आई-बाबांना आत बसू देऊ नका. पाऊस असला तरी बाहेर आणा. पावसात कोरड्या कड्यांवरूनही शेकडो धबधबे सुरू होतात. सँडफ्लायसाठी अंगभर कपडे आणि मलम घ्या. पाण्यात जहाज चालू असताना ही चावरी माशी त्रास देत नाही, किनाऱ्याला टेकताच येते. माणसांनी पियोपियोताहीच्या सौंदर्यात रमून तिथेच राहू नये म्हणून मृत्यूची देवता हिने-नुई-ते-पो हिने या माश्या सोडल्या, असे माओरी सांगतात.

आणि विमानतळावर लोणचे, मसाले, बिया, सुकामेवा, जे काही असेल ते अर्जात लिहून दाखवा. न सांगता आणलेले सापडल्यास जागेवर ४०० डॉलर दंड होतो.

चैत्रपालवी

सर्वांचे आभार. आई-बाबांसाठी डाउटफुलची एक रात्र ठरवते आणि त्यांना तीन दिवस ‘ते आनाऊ’ गावात विश्रांतीसाठी ठेवते. डस्कीला मी नंतर एकटी जाईन. नांगर, कोणत्या महिन्यात जावे? आणि शाकाहारी जेवणाची सोय होते का?

नांगर

शाकाहाराची सोय आधी कळवल्यास होते, पण रोजच्या जेवणाचा कल मासे आणि शेवंडे यांकडे असतो हे गृहीत धरा. सोबत थोडे थालीपिठाचे भाजणीचे पीठ न्यायचे तर ते विमानतळावर दाखवावे लागेल.

महिन्याविषयी : उन्हाळ्यात दिवस मोठा असतो, पण वारे जोरदार असतात. मे ते ऑगस्टमध्ये दिवस लहान आणि थंडी कडक, परंतु हवा अनेकदा स्थिर असते आणि शिखरांवर बर्फ असतो. कुकचा मुक्काम मार्च ते मे असा होता, म्हणून मी मे निवडला.

त्याच्या रोजनिशीतली एक गोष्ट आम्ही प्रत्यक्ष करून पाहिली. खलाशांना स्कर्व्ही हा ताज्या अन्नाअभावी होणारा रोग होऊ नये म्हणून त्याने रिमू वृक्षाच्या कोवळ्या फांद्या आणि मानुकाची पाने उकळून, त्यात माल्टचा अर्क आणि काकवी घालून एक आंबवलेले पेय केले होते. आपल्या मनुक्यांशी मानुकाचा संबंध नाही. ते बारीक पानांचे झुडूप आहे. आमच्या स्वयंपाकिणीने परवानगी असलेल्या ठिकाणाहून आणलेल्या मानुकाच्या पानांचा नुसता काढा केला. कडवट, थोडा तुरट, पण मागे गोड वास राहतो. ११७ दिवस खारवलेले मांस खाल्लेल्या माणसाला तो कसा लागला असेल, याचा विचार करत मी दोन पेले घेतले.

नकाशातली एक जागाही जरूर पाहा. ब्रेकसी साउंडच्या आतल्या टोकाला कुकला वेळ मिळाला नाही, म्हणून त्याने नकाशावर ‘काय आहे कोणालाच ठाऊक नाही’ अशा अर्थाचे शब्द लिहिले. ‘रेझोल्यूशन’वर तेव्हा जॉर्ज व्हँकूव्हर नावाचा किशोरवयीन उमेदवार होता. १७९१ मध्ये तो स्वतः कप्तान होऊन परतला, त्या टोकापर्यंत गेला, दोन्ही फाटे मोजले आणि कुकच्या शब्दांच्या जागी ‘कोणाला तरी ठाऊक आहे’ असे लिहिले. अठरा वर्षे त्याने ती कोरी जागा मनात ठेवली होती.

आमचे जहाज सहाव्या दिवशी अ‍ॅकेरॉन पॅसेजमधून निघाले, तेव्हा कप्तानाने सगळ्यांना पुढे बोलावले. ‘रेझोल्यूशन’ने जिथे वाऱ्याची वाट पाहिली ते कोपरे त्याने एकेक करून दाखवले. आम्हाला ती वाट पार करायला सकाळचा चहा होईपर्यंतचा वेळ पुरला. बाहेर पडण्याआधी त्याने अर्धा तास यंत्र बंद ठेवले. वारा पश्चिमेचाच होता. जहाज हळूहळू, दिसेल न दिसेल असे, आत सरकू लागले.